पेस्टिंगनंतरचा तिसरा दिवस

"एक घोट बी नाय?" बुधा भोयेने पुन्हा विचारले.

"एक घोटही नाही, बुधाभाऊ," सोमनाथ म्हणाला. म्हणताना त्याला किंचित बरे वाटले आणि त्या बरे वाटण्याची नंतर बरेच दिवस लाज वाटत राहिली.

बरे वाटण्याचे कारण साधे होते. रसायनशास्त्रात बी.एस्सी. होऊन त्याला एकोणतीस वर्षे झाली होती, आणि रसायनशास्त्रातला प्रश्न घेऊन आपण होऊन आलेला हा पहिलाच माणूस. पिंपळगाव बसवंतला हायवेलगत जी चाळीसेक कृषी सेवा केंद्रे आहेत, त्यांतल्या एकात सोमनाथ 'तांत्रिक सल्लागार' होता. तसे पाटीवर लिहिलेले होते. प्रत्यक्षात तो नाशिकच्या इंदिरानगरहून रोज सकाळी स्कूटरने यायचा, खोकी मोजून घ्यायचा आणि गिऱ्हाईक जे मागेल ते त्याला द्यायचा. सल्ला गिऱ्हाईक घरून घेऊन येत असे.

वर्षातून एकदा मात्र त्याला बोलायला मिळे. ऑक्टोबरच्या छाटणीआधी दुकानातर्फे मजुरांचा सुरक्षा मेळावा व्हायचा. कंपनी चहा, वडापाव आणि टोप्या द्यायची, सोमनाथ माहिती द्यायचा आणि फोटो निघाला की मेळावा संपायचा. एका वर्षी फोटो आधीच निघाला, तेव्हा माहितीची गरजच उरली नव्हती.

माहिती द्राक्षाच्या पेस्टिंगची असे. छाटलेल्या वेलीचा डोळा आपण होऊन सरसकट फुटत नाही. नाशिकची थंडी त्याला झोपवायला पुरते, उठवायला पुरत नाही. म्हणून छाटणीनंतर दोन दिवसांच्या आत काडीवरच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडचे पाणी फडक्याने चोळतात. कुठला डोळा झाला, कुठला राहिला हे कळावे म्हणून त्यात गेरू कालवतात. हे औषध डोळ्याच्या पेशींचा श्वास कोंडते. पेशीचा सगळा व्यवहार एटीपी नावाच्या चलनावर चालतो. ते पाडणारी टाकसाळच बंद पडू लागते. डोळ्याला वाटते, आपले भरले. मरायच्या आत एकदा फुटून घ्यावे म्हणून तो फुटतो. बागाईतदार म्हणतो, रिझल्ट एक नंबर.

माणसाच्या अंगात गेल्यावर तेच औषध निराळा उद्योग करते. रेणूचा स्वभाव त्याच्या एका टोकाला लटकलेल्या क्रियात्मक गटावर ठरतो, बाकीचा रेणू नुसता मागे फरफटतो, हे सोमनाथला कॉलेजात कळले होते आणि नोकरीत पटले होते. मजुरांना तो ते एसटीच्या भाषेत सांगे. दारू पोटात गेली की आधी तिचे आल्डिहाइड होते, ते विष. मग त्या विषाचे आम्ल होते, म्हणजे साधा सिरका, त्याने काही बिघडत नाही. गाडी पेठहून निघते, करंजाळीला थांबते, नाशिकला पोचते. पेस्टिंगचे औषध अंगात असेल तर गाडी करंजाळीलाच अडकते आणि मागून येणाऱ्या सगळ्या गाड्या तिथेच तुंबतात. तोंड लालबुंद होते, छाती धडधडते, श्वास पुरत नाही. एखादा माणूस जातोही. म्हणून लेबलवर लिहिले आहे: कामानंतर सात दिवस मद्यपान टाळावे.

मजूर हसायचे. करंजाळीला कुणाचा मामा राहतो त्याचे नाव घेऊन एकमेकांना कोपर मारायचे. यंदाच्या मेळाव्यात बुधा हसला नव्हता. तो पुढच्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसला होता आणि आज शुक्रवारी, अमोल बागाईतदाराच्या मळ्यातले पेस्टिंग काल संपवून, बोटांच्या पेरांत गेरू तसाच ठेवून काउंटरपाशी आला होता.

अडचण अशी की रविवारी बुधाच्या मुलीची, पल्लवीची, सोयरीक होती. मुलगा ललित, वनखात्यात गार्ड, पगारी माणूस. आणि बुधाच्या भावकीत सोयरीक पक्की होते ती दोन बापांनी एका पेल्यातून मोहाची घेतली की. आधी अर्धा पेला मुलीच्या बापाने, उरलेला मुलाच्या बापाने. त्याशिवाय कुंकू लागत नाही. यंदा पाऊस लांबला, छाटणी लांबली, पेस्टिंग घसरत घसरत नेमके या आठवड्यात आले. छाटलेली काडी कुणाच्या सोयरिकीसाठी थांबत नाही, असे अमोल म्हणाला होता. आणि साठ माणसांचा भात कांडून झालाय, तारीख हलणार नाही, असे भाऊबंद म्हणाले होते. दोघांचेही बरोबर होते.

सोमनाथने पर्याय सुचवले. बुधाच्या भावाने घ्यावी. भाऊ बाप नव्हता. पेल्यात चहा ओतावा. एकाने कोल्ड्रिंक ओतले होते, बुधाने सांगितले, त्याची पोर वर्षाच्या आत माघारी आली. कोल्ड्रिंकमुळेच आली असे नाही, पण लोक धरतात तेच. नुसता पेला ओठाला लावावा.

"पोरीच्या सोयरिकीत खोटं प्यायचं का, सर?"

मग त्याने आपले काम सांगितले. सरांनी रविवारी पेठला यावे आणि हे करंजाळीचे सगळे याह्यांना, मुलाच्या बापाला, समजावून सांगावे. मजुराने सांगितले तर ती सबब वाटेल. सर शिकलेले आहेत, छापील कागद आहे, ते मानतील. एवढा महिना मानला की पेला पुढच्या महिन्यात होईल.

दुकानाचे मालक दीपकशेठ मागे बसून ऐकत होते. बुधा गेल्यावर ते म्हणाले, "जा, जा. जावयाला टोपी घेऊन जा आपली." पुढे असेही म्हणाले, की लेबल हे वाचण्यासाठी नसते, कोर्टासाठी असते. सोमनाथने नेहमीप्रमाणे हसून दाखवले. पण मनातल्या मनात तो रविवारचे भाषण जुळवू लागला होता. घरी गेल्यावर त्याने मुलीचे, वेदिकाचे, दहावीचे विज्ञानाचे पुस्तक काढले आणि क्रियात्मक गटांच्या तक्त्यावर खूण घातली. बाबा रविवारी पुस्तक घेऊन कुठे चालले, असे वेदिकाने विचारले तेव्हा तो म्हणाला, "व्याख्यान आहे." इतक्या वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडी पहिल्यांदाच आले होते.

बुधाचा पाडा पेठच्या पुढे होता. रस्ता संपला तिथे पाहुण्यांची जीप उभी होती. आसपास दुसरे चाकाचे काही नव्हते, त्यामुळे सोमनाथने आपली स्कूटर तिच्या शेजारी जरा दबूनच लावली. अंगणात जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव होता. बुधाने त्याला एकुलत्या एका खुर्चीवर बसवले. जमिनीवर बसलेल्या साठ माणसांसमोर खुर्चीत बसलेला माणूस एक तर पुढारी असतो नाही तर वसुलीवाला. दोन्ही नसल्याचे पटवण्यासाठी सोमनाथ कडेला टेकून बसला.

मुलाचे वडील हिरामण गावित फार सभ्य माणूस होते. सगळे त्यांनी शांतपणे ऐकले. सोमनाथ चांगले बोलला, हे त्याला स्वतःलाही जाणवले. डोळ्याचा श्वास, टाकसाळ, करंजाळीला अडकलेली गाडी, सगळे ओळीने आले. त्याने पुस्तकातला तक्ता दाखवला, तो हातोहात मांडवभर फिरून आला. शेवटी हिरामणने मान हलवली. याह्यांच्या अंगात औषध आहे, ते उतरेपर्यंत पेला नको, ठीक आहे, माणसाचा जीव पहिला, असे ते म्हणाले. बुधाने सोमनाथकडे पाहिले. त्या नजरेसाठी माणूस आणखी एकोणतीस वर्षे खोकी मोजेल.

इथेच उठून चहा घेतला असता तर बरे झाले असते.

मुलाची आत्या चिमणाबाई खांबाला टेकून बसली होती. तिने सगळ्यांत लक्ष देऊन ऐकले होते, आणि लक्ष देऊन ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो.

"सर, येलाच्या डोळ्याचा श्वास कोंडतो म्हणला तुम्ही. पोरगी बी जाते ना पेस्टिंगला?"

"जाते मी," दारातून पल्लवीच म्हणाली. ती नाशिकला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. "आठवीपासून जाते. दर ऑक्टोबरला."

चिमणाबाईने तिच्याकडे नाही, सोमनाथकडेच पाहत विचारले, "मग उद्या हिच्या पोटात लेकरू राहिलं, त्याचा बी कोंडल का?"

सोमनाथच्या खिशातल्या माहितीपत्रकावर अगदी बारीक इंग्रजीत एक ओळ होती, की गर्भवती स्त्रियांनी हे औषध हाताळू नये. काम सोडून महिने झाल्यावर काय, याबद्दल काही नव्हते. औषध चार-आठ दिवसांत अंगातून जाते, मागे काही उरत नाही, असे त्याला मनापासून वाटत होते. पण असे छापलेले त्याने कुठे वाचले नव्हते. 'नाही' एवढेच म्हणायचे होते. दीपकशेठने ते श्वास न घेता म्हटले असते. सोमनाथ थांबला, आणि थांबून खरे तेच बोलला.

"म्हणजे... तसा काही अभ्यास झालेला नाही."

विज्ञानाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष होते. चिमणाबाई उठली, पदर सारखा केला आणि आम्ही जरा बाहेर बसतो म्हणाली. तिच्यामागून मुलाकडची माणसे एकेक करून उठली. ललित सगळ्यांत शेवटी उठला, दाराकडे एकदा पाहून गेला. ती सगळी जीपजवळच्या आंब्याखाली गोल करून बसली.

सोमनाथ पुस्तक घेऊन त्यांच्यामागे गेला. माझ्या बोलण्याचा अर्थ तसा नव्हता, धोका फक्त दारू घेतली तर, तोही फक्त सात दिवस, असे त्याने तीन वेळा सांगितले. जितके जास्त समजावले तितका धोका मोठा होत गेला. आजार नसता तर एवढा शिकलेला माणूस रविवारी नाशिकहून कशाला आला असता, असे एका म्हाताऱ्याने विचारले. हिरामणने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सर, तुमची काय चूक, तुम्ही खरे तेच सांगितले, असे ते म्हणाले. हे ऐकून तो परत फिरला.

बुधाची बायको भागीबाई ओट्यावर उभी होती. तिने त्याच्यासमोर कप धरला. "सर, तुम्ही चहा घ्या," ती म्हणाली. शिवी दिली असती तर परवडले असते.

बुधा आत गेला आणि पितळी पेला घेऊन बाहेर आला. पेला काठोकाठ भरलेला होता. मांडवाच्या मधोमध उभे राहून त्याने आंब्याखालच्या माणसांना हाक मारली.

"याही, इकडं या. सर शिकलेला माणूस, काळजीनं बोलतो. पुस्तकातलं बोलतो. आमच्या अंगात काय नाय, माझ्या नाय न् पोरीच्या बी नाय. गुरुवारीच हात काढला औषधातून. बघा तुमच्या डोळ्यांनी."

पाहुणे येऊन उभे राहिले. बुधाने पेला ओठाशी नेला, पण प्याला नाही. सगळ्यांदेखत त्याने सोमनाथला विचारले, "काय सर, व्हईल का मला काय?"

पल्लवी दारातून एक पाऊल पुढे आली होती. तिने परीक्षेसाठी असले सगळे पाठ केलेले असणार, हे सोमनाथला तिच्या चेहऱ्यावरून कळले. ती बापाकडे पाहत होती, सोमनाथकडे पाहतच नव्हती, आणि तिने तोंड उघडले असते तर ती सोयरीक तिच्याच हाताने मोडली असती.

या वेळी सोमनाथ थांबला नाही. "नाही," तो म्हणाला. "लेबलवर जरा वाढवूनच लिहितात."

बुधा अर्धा पेला प्याला. घोट चोरला नाही, अगदी निम्म्यावर थांबला. उरलेला हिरामणने संपवला. मग सगळे बुधाच्या तोंडाकडे पाहू लागले. बुधा हसला आणि भात लागेल, बघतो, असे म्हणून अंगणाच्या कोपऱ्यातल्या मोठ्या चुलीपाशी जाऊन बसला. तिथे बाई होती, तिला त्याने उठवले आणि लाकडे पुढे सारली.

जाळ वाढला तेव्हा सोमनाथच्या लक्षात आले. चुलीसमोर बसलेल्या माणसाचे तोंड लालच असते.

तोही जाऊन शेजारी बसला. पाच मिनिटांत बुधाच्या मानेवर लाली चढली, मग कानांवर, मग डोळ्यांत. सोमनाथने लाकूड सरकवल्यासारखे करून त्याचे मनगट धरले आणि घड्याळाकडे पाहिले. शंभर. थोड्या वेळाने एकशे अठ्ठावीस. करंजाळीला गाड्या तुंबत होत्या, आणि त्यांच्यातली एकही पुढे ढकलायला जगात कुणाकडे उतारा नव्हता. दवाखाना पेठला होता. तिथवर नेणारी जीप पाहुण्यांची होती. स्कूटरवर चला, असे त्याने कानात सांगितले. बुधाने नकारार्थी मान हलवली. पाहुणे जेवायचे होते.

मागे मांडवात पल्लवीला कुंकू लागले. चिमणाबाईनेच लावले, साडी तिनेच अंगावर घातली आणि मोठ्याने म्हणाली की आपल्याला आधीच माहीत होते, शिकलेली माणसे उगाच भिववतात. लोक हसले. सोमनाथही हसला, कारण बुधाने त्याला कोपराने तसे सुचवले.

जेवणे झाली. दोन बापांनी उराउरी भेटायचे होते. बुधा उठला. उठताना त्याने सोमनाथच्या खांद्यावर जो भार टाकला, तो एका पोत्याइतका होता. पण मांडवात शिरताना तो एकटा चालत गेला. हिरामणला भेटला, पाठीवर थाप मारली, निरोपाला जीपपर्यंत आला. चुलीनं पार भाजून काढलं, असे म्हणत गमछ्याने तोंड पुसत राहिला.

जीपमध्ये बसता बसता हिरामणने सोमनाथला जवळ बोलावले. त्यांच्या गावातली आठ माणसे उद्यापासून मोहाडीकडे पेस्टिंगला निघणार होती. लेबलचे ऐकून घरच्या बायका भ्यायल्या होत्या. आता घरी जाऊन सांगतो, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, काही होत नाही, असे हिरामण समाधानाने म्हणाले. "सर, तुमच्याच तोंडून ऐकलं ते बरं झालं."

बुधा जीपच्या दांडीला धरून उभा होता. त्याच्या गळ्याची शीर उडताना सोमनाथला दिसत होती. आठ माणसे. त्यांची नावेही त्याला माहीत नव्हती.

"हातमोजे तेवढे घालायला सांगा," सोमनाथ म्हणाला.

"सांगतो की," हिरामण म्हणाले, आणि जीप गेली.

वळणाआड जाईपर्यंत बुधाने हात वर धरला होता. मग तो आंब्याच्या बुंध्याशी खाली बसला, तोंड उघडून श्वास घेऊ लागला, आणि धापा टाकतच बोलला.

"अजून किती वेळ, सर?"

"माहीत नाही."

"तुम्हाला बी नाय?"

"पुस्तकात नाही ते."

बुधाने मान डोलावली. सरांचे हे एक बोलणे त्याला पूर्ण समजले असावे. सोमनाथने पुन्हा मनगट धरले. मोजता मोजता आकडा हातून निसटला, पुन्हा एकपासून धरला, पुन्हा निसटला. स्कूटर काढतो, आता कुणी पाहत नाही, असे तो म्हणत होता, तोच पाड्याकडून पायवाटेने पल्लवी तांब्या घेऊन येताना दिसली. नवी साडी तिने तशीच खांद्यावरून घेतलेली होती, कपाळावर कुंकू होते.

तिला पाहताच बुधाने पाठ बुंध्यापासून सोडवली, गमछा नीट केला आणि ताठ बसला. हात मात्र त्याने मांडीखाली घातले.

पल्लवी समोर बसली. तिने बापाच्या मानेकडे पाहिले, डोळ्यांकडे पाहिले, सोमनाथच्या हातातले मनगट पाहिले.

"चुलीपाशी बसू नका म्हणलं व्हतं ना, दादा," ती बापाला म्हणाली आणि तांब्या त्याच्या ओठांना लावला.

"चुलीनंच झालं," बुधा म्हणाला आणि घोट घोट पाणी पिऊ लागला.